अभिमन्यूच्या दारूची चौकशी

तालुक्याच्या गावी नव्यानं निघालेल्या व्यसनमुक्ती केंद्राला समुपदेशक हवा होता आणि अट एकच होती: माणूस स्वतः दारूतून बाहेर पडलेला पाहिजे. घाटनांदूरजवळच्या अभिमन्यूला वाटलं, ही जागा आपल्यासाठीच काढलीय. बारा वर्षं तो अगदी मन लावून प्यायला होता. दारू सुटून दोन वर्षं झाली, तरी गावात कुणी त्याला कामाला बोलवत नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदाच एखाद्या नोकरीला लागणारा अनुभव त्याच्याकडे होता.

मुलाखत झकास झाली. "गावात येऊन जरा विचारपूस करतो, मग रुजू व्हा," केंद्राच्या मॅडम म्हणाल्या.

मंगळवारी गावात पांढरी जीप आली. अनोळखी माणसं, हातात वही आणि तोंडी एकच प्रश्न, "अभिमन्यू कसा माणूस आहे? पितो वगैरे का?" त्याची मुलगी दीपमाला लग्नाची आहे, हे सगळ्यांना ठाऊक. ही पोरीच्या सोयरिकीची चौकशी, असं गावानं ओळखलं आणि कंबर कसली.

पहिला भेटला धुळाजी. दारूच्या भरात अभिमन्यूनं याचीच कडब्याची गंजी पेटवली होती. "अभिमन्यू? देवमाणूस! चहासुदिक घेत न्हाई," धुळाजी म्हणाला. किराणावाल्या खाजामियाँनी त्यावर कडी केली, "दारू? अजी, वास आला तर रस्ता बदलतो तो." जीप पारावर पोचेपर्यंत तर अभिमन्यूच्या गळ्यात तुळशीची माळसुद्धा पडली.

संध्याकाळी मॅडमचा फोन आला. "तुम्ही आम्हाला फसवलंत. तुम्हाला दारूचा काहीच अनुभव नाही."

अभिमन्यू तरातरा धुळाजीकडे गेला. "का म्हून खोटं बोललास रं? मी तुजी गंजी जाळलती का न्हाई?"

"जाळलती की. ते तुजं पाप तुज्यापाशी. तुज्या पोरीनं माजं काय जाळलंय?"

ज्या ज्या दारात अभिमन्यू शिव्या देऊन आला होता, त्याच दारांनी त्याची अब्रू राखली होती, आणि दोन वर्षांत त्यानं एकाचीही माफी मागितली नव्हती. त्याला फार वाईट वाटलं. "चुकलं माजं," एवढंच म्हणून तो घरी आला.

"तुला तर नोकरीचं ठाऊक व्हतं," तो बायकोला म्हणाला. "तू तरी खरं सांगायचं."

भाकरी थापता थापता गीताबाईचा हात थांबला. "सांगणारच व्हते. पण दारात माणूस येऊन तुमचं विचाराय लागला, की बारा वर्षं एकच सांगत आले मी. 'पीत न्हाईत हो, तब्येत बरी न्हाई त्यांची.' तेच निघालं तोंडातनं."

अभिमन्यूनं खिशातून फोन काढला.

"मॅडमला त्या नोकरीसाठी तुजं नाव सांगतो, गीता. त्या बारा वर्षांत शुद्धीवर तर तूच व्हतीस."