दाऊदभाई पडत नसत

मीरा, ईशान,

परवा तुमच्या बाबाने मीराचा व्हिडिओ पाठवला. घोडा एका बाजूला, मीरा दुसऱ्या बाजूला आणि हेल्मेट तिसरीकडेच. नंतर फोनवर मीरा म्हणाली की सगळ्यांसमोर इतकी लाज वाटली, की आता पुन्हा घोड्यावर बसणार नाही. मी तेव्हा विषय बदलला. घोड्यावरून पडण्याची लाज मला माहीत नाही. दुसऱ्याचे पडणे नीट अक्षरात लिहून ठेवण्याची लाज मात्र चांगलीच माहीत आहे, आणि ती आजवर कोणाला सांगितलेली नाही. बाबाकडून हे वाचून घ्या. उत्तर इंग्रजीत दिलेत तरी चालेल.

दाऊदभाई घोड्यावरून कधी पडत नसत. निदान त्यांचे म्हणणे तसे होते. मी स्वतः त्यांना पाण्याच्या हौदात पाहिले आहे, गवताच्या गंजीत पाहिले आहे, आणि एकदा अरबाबच्या, म्हणजे मालकाच्या, बैठकीबाहेर पाहुण्यांच्या चपलांच्या ढिगावर आडवे पाहिले आहे. दर वेळी ते उठत, टोपी झटकत आणि शांतपणे सांगत, "पडलो नाय बाय, उतरलो."

हे सारे दोह्याच्या उत्तरेला, गाडीने तासाभरावर असलेल्या एका मजऱ्यावर घडले. इथे शेतवाडीला मजरा म्हणतात. तुमचा बाबा शिकायला गेल्यावर दोह्यातले मदिनत खलीफा भागातले घर मला खायला उठले, म्हणून मी तिथल्या ऑफिसात नोकरी धरली. मजऱ्यावर दीडशे गायी होत्या. पंखे लावलेल्या गोठ्यातून हिवाळ्याच्या सकाळी त्यांना फवाऱ्याखाली वाढवलेल्या गवतात न्यायचे, एवढेच काम. अंतर जेमतेम एक किलोमीटर. एखाद्या माणसाने हातात काठी घेऊन चालत नेल्या असत्या. पण अरबाब परदेशात कुठेतरी घोड्यावरून गुरे हाकताना पाहून आला होता. त्यामुळे आमच्याकडे तीन घोडेस्वार होते: सुदानचा इद्रिस, पेशावरचा एक खान आणि आमचे श्रीवर्धनचे दाऊदभाई.

दाऊदभाईंनी नोकरी धरताना वीस वर्षे घोड्याचा अनुभव सांगितला होता. तो खरा होता. ते मुरुडच्या किनाऱ्यावर घोडागाडी हाकत. घोड्यावर मात्र ते कधी बसले नव्हते. मी हे हेरल्यावर ते म्हणाले, "बसायची जागा बदलली बाय, घोडा तोच."

ते मला बाय म्हणत आणि गायींना बायांनो. सुरुवातीला मला हे फारसे रुचले नाही. इंग्रजीत एम.ए. केलेल्या बाईला दीडशे गायींच्या रांगेत उभे केल्यासारखे वाटे. त्यांना मात्र दोन्हीकडे तेवढीच अदब होती. गाय आडवी गेली तर ते आधी माफी मागत, मग वळवत. "सरा बायांनो, सरा," असे म्हणत ते घोडी पुढे घालत, आणि गायी खरोखरच सरत. इद्रिस अरबीत ओरडे, खान पश्तूत शिव्या देई, गायी ढिम्म. शेवटी दोघांनीही दाऊदभाईंचे शब्द उचलले.

त्यांची घोडी तांबडी, वयस्क, बरीच मिजासखोर. कागदावर तिचे लांबलचक अरबी नाव होते, दाऊदभाई तिला बेगम म्हणत. रिकिबीत पाय घालण्याआधी तिला, निघायचे का अशा अर्थाने, अरबीत विचारत, "बेगम, यल्ला?" तिने कान हलवला की बसत. नाही हलवला तर थांबत. एके दिवशी वीस मिनिटे थांबले, आणि दीडशे गायी त्यांच्याबरोबर थांबल्या. मॅनेजर घड्याळ दाखवत आला, तर त्याला म्हणाले, "बाईमाणूस आहे साहेब, तयार होईल."

आता माझ्याकडे येते. माझ्याकडे रजिस्टरे असत: गायींच्या कानातले नंबर, वासरांचे जन्म, फाटकाचे पास. आणि एक पडझडीचे. मॅनेजरने नियम केला होता की एका हिवाळ्यात जो दहा वेळा पडेल त्याला घोड्यावरून काढायचे आणि वैरणीच्या शेडमध्ये लावायचे. तारीख, वेळ, स्वार, घोडा, कारण, असे रकाने मीच आखले होते, दोन रंगांच्या शाईने. तुमचे आजोबा म्हणत, हे रजिस्टर चित्रगुप्ताने पाहिले तर तो राजीनामा देईल. मला ती तारीफ वाटे.

इद्रिसच्या नावावर एक नोंद, खानाच्या नावावर दोन. दाऊदभाईंच्या नावावर संक्रांतीपर्यंत नऊ. कारणाच्या रकान्यात मी दर वेळी सुवाच्य इंग्रजीत 'स्वाराचा निष्काळजीपणा' असे लिहीत असे. ते टेबलापाशी उभे राहून पाहत. इंग्रजी त्यांना वाचता येत नव्हते, पण आकडा येत होता.

दहाव्या वेळी मी खिडकीतून पाहत होते. बेगम गवताच्या कडेला जराशी अडखळली आणि दाऊदभाई धपकन खाली. इद्रिस पोट धरून हसला. मी पेन उघडले.

ते आत आले. कोपर सोलवटले होते. या वेळी ते उतरलो म्हणाले नाहीत.

"बाय, आजचा नका लिवू."

मी म्हणाले, दाऊदभाई, नियम सगळ्यांना सारखा. आज तुमचे सोडले तर उद्या इद्रिसचे सोडावे लागेल. हे मी मराठीत म्हणाले, म्हणजे ते आपलेपणाचे वाटेल असा माझा समज होता. त्या मजऱ्यावर त्यांची भाषा समजणारी मी एकटीच होते. ते टोपी घालून गेले. मी दहावी नोंद केली आणि खाली लाल रेघ मारली. रेघ सरळ आली म्हणून मला बरे वाटले, हेही लिहून ठेवते.

दुसऱ्या दिवशी दाऊदभाई वैरणीच्या शेडमध्ये गेले आणि बेगमवर खान बसला. खानाची मांड पक्की. बेगम अडखळली तरी तो हलला नाही, त्यामुळे सगळ्यांनी घोडीकडे पाहिले. तिसऱ्या दिवशी ती चालत चालत सरळ कुंपणाच्या खांबावर गेली. डॉक्टर आला. तिचा डावा डोळा पूर्ण गेलेला होता. आजचा नाही, बऱ्याच महिन्यांपूर्वीचा.

इद्रिसला ते माहीत होते. त्याने मोडक्या हिंदीत मला सांगितले, आणि सांगताना माझ्याकडे पाहिले नाही. तिचा डावा पाय चुकला की दाऊदभाई मुद्दाम घसरत. हौदात, चपलांवर, जिथे असतील तिथे. माणूस पडला की सगळे माणसाला हसतात, घोडी का अडखळली हे कोणी विचारत नाही. आंधळे जनावर मजऱ्यावर ठेवत नाहीत, विकून टाकतात, हे आम्हा सर्वांना ठाऊक होते.

नऊ वेळा त्यांनी मला खरे तेच सांगितले होते. ते उतरतच होते.

मी शेडमध्ये गेले. ते गवताचे भारे सोडत होते. मी विचारले, मला आधी का नाही सांगितलेत? आपण एका भाषेची माणसे.

ते हात न थांबवता म्हणाले, "सांगितला असता. पण तुमी लिवला असता."

त्या आवाजात राग नव्हता. त्यांनी माझी ओळख सांगितली होती, आणि ती बरोबर होती. मी लिहिलेच असते. घोडीच्या रकान्यात, सुवाच्य.

गुरुवारी ट्रक आला. जनावर बाहेर जायचे तर फाटकाच्या पासवर माझी सही लागे. ती मी वेळेवर दिली. एक दिवस आजारी पडले असते, पेन हरवले असते, अरबाबकडे जाऊन दोन शब्द बोलले असते, यातले काही मला तेव्हा सुचले नाही. खिडकीतून मी दाऊदभाईंना पाहिले. ते बेगमच्या डाव्या बाजूने, तिच्या मानेवर हात ठेवून ट्रकपर्यंत चालत गेले. सबंध वाटभर बोलत होते, म्हणजे त्या बाजूला कोणी आहे हे तिला कळावे. फळीपाशी दोघे थांबले. तिचा कान हलेपर्यंत त्यांनी ड्रायव्हरला थांबवून ठेवले.

उन्हाळ्यात ते सुट्टीवर श्रीवर्धनला गेले आणि परत आले नाहीत. बेगमचे काय झाले ते मी विचारले नाही. विचारले असते तर कळले असते.

मीरा, तू पडलीस याची लाज वाटू देऊ नकोस. लाज कशाची वाटावी ते मी वर लिहिले आहे. घोडा का अडखळला, तेवढे एकदा जाऊन बघ.

गेल्या महिन्यात आजोबांबरोबर त्या मजऱ्यावर जाऊन आले. गायी नव्या आहेत, मॅनेजर नवा आहे, पडझडीचे रजिस्टर कोणाला आठवत नाही. इद्रिस अजून आहे, केस पांढरे झालेत. तो घोड्यावरून गायींना म्हणत होता, "सरा बायांनो, सरा." आणि त्या सरत होत्या.