झिपरेसाहेबांची खिडकी

एका जंगलात, बाळांनो, इतकं मजबूत फाटक होतं की लांबलांबचे पाहुणे जंगल सोडून फाटकच बघायला यायचे. कुठलं जंगल ते विचारू नका. तुमच्या भूगोलाच्या पुस्तकात ते नाही, आणि असतं तरी ते पान तुम्ही कुठे उघडलं असतं!

जंगलाभोवती बाभळीचं दाट कुंपण होतं. मुंगसालासुद्धा शिरता येऊ नये असं. फाटकाला आतून जाडजूड अडसर. एक दोर ओढला की सगळे अडसर एकदम बाजूला. हा दोर होता पहारेकऱ्याच्या खोपटात. पहारेकरी होता साळिंदर. अंगभर काटे, पण वरिष्ठ दिसले की सगळे आडवे.

हे सगळं बांधलं होतं झिपरेसाहेबांनी. झिपरेसाहेब म्हणजे अस्वल, कुंपण खात्याचे मुख्य. स्वतः राहायचे मात्र कुंपणाबाहेर, मोहाच्या झाडाखाली. का, ते मोहाचं झाड बघून समजून घ्या. आता रोज फाटकावर रांगेत कोण उभं राहणार? म्हणून त्यांनी खोपटाला बाहेरून एक खिडकी पाडून घेतली. आत हात घालायचा, दोर ओढायचा, झालं.

साळिंदराने विचारलं, "साहेब, खिडकीशी तुम्हीच आलात हे ओळखायचं कसं?"

"वर बघायचं नाही. मला आवडत नाही. मी म्हणेन, 'माझी चौकशी नको.' की दोर पुढे करायचा."

"आणि दुसरंच कोणी तसं म्हणालं तर?"

"अरे, एवढा उद्धटपणा साहेबाशिवाय करील कोण?"

साळिंदराला पटलं. हसू नका. तुमच्या वडिलांनी टोलनाक्यावर हेच वाक्य म्हणून पाहिलेलं आहे.

खोपटामागे, कुंपणाच्या आत, टिटवीने खडीवर अंडी घातली होती. घरटं बांधायचा कंटाळा, दुसरं काय. एके दुपारी तिने पाहिलं, मुंगूस खिडकीशी आलं. मिशा पुसल्या. छाती काढून म्हणालं, "माझी चौकशी नको."

साळिंदराने मान खाली घातली आणि दोर पुढे केला.

मुंगूस ऐटीत फाटकातून आत आलं. तितराची अंडी खाल्ली. जाता जाता टिटवीच्या अंड्यांपाशी थांबलं. म्हणालं, "वहिनी, आज पोट गच्च झालंय. उद्या येतो."

टिटवी बोंबलत वाघोबा महाराजांकडे गेली. टिटवी ओरडली की अपशकुन होतो, त्यामुळे अर्ध्या दरबाराने आधीच कान झाकून घेतले.

"महाराज, खिडकीमुळे मुंगूस आत येतंय!"

झिपरेसाहेब तिथेच होते. "बाई, आपलं फाटक किती मजबूत आहे, बघितलंस का?"

"फाटक मजबूतच आहे हो! पण त्याचा दोर खिडकीत आहे!"

"खिडकी हा वेगळा विषय आहे. फाटकात येत नाही."

महाराजांनी जांभई दिली. "मग बुजवून टाका की."

"बुजवू, महाराज. पण दोर खिडकीला लागूनच आहे, चिखल वाळेपर्यंत त्याला हात लावता येणार नाही. फाटक बंद राहील. आणि उद्या तर आपल्या वाढदिवसाची मिरवणूक."

"अरे हो! मग आधी मिरवणूक होऊ द्या."

"आणि माझी अंडी?" टिटवीने विचारलं.

"त्यांनाही आण मिरवणुकीला," महाराज म्हणाले. मन फार मोठं हो त्यांचं.

सकाळी टिटवी उडून कुंपणाबाहेर गेली. खिडकीशी उभी राहिली. घसा खाकरून, आवाज जाड करून म्हणाली, "माझी चौकशी नको."

साळिंदराची मान खाली, दोर पुढे.

"दोर राहू दे तुझ्याकडे. ही खिडकी बुजव. आत्ताच्या आत्ता."

"पण साहेब, मिरवणूक..."

"चौकशी नको म्हटलं ना!"

खिडकी बुजली. थोड्या वेळाने मुंगूस आलं. त्याने छाती काढून चिखलाला आपलं वाक्य ऐकवलं. पण चिखल काही सरकारी नोकरीत नव्हता. मुंगूस उपाशी परत गेलं.

मग मिरवणूक आली. फाटक बंद. पाहुणे उन्हात, हार सुकलेले, हत्ती वैतागलेला. झिपरेसाहेबही त्यांच्यातच, घामाने ओलेचिंब. चिखल वाळला तेव्हा कुठे सगळे आत आले. 'हुकूम मीच दिला' असं टिटवीने सांगून टाकलं, आणि तिच्यावर खटला उभा राहिला.

"तू साहेबांच्या खिडकीशी गेलीसच कशी?" महाराजांनी विचारलं.

"उघडी होती."

"उघडी आहे हे तुला कसं कळलं?"

"अहो, मीच नाही का कालपासून ओरडतेय!"

"म्हणजे कट कालपासूनच शिजत होता," झिपरेसाहेब म्हणाले. दरबाराने माना डोलावल्या.

"या खिडकीचा अनुभव कोणाला आहे?" महाराजांनी विचारलं. मुंगसाने नम्रपणे पंजा वर केला. त्याला तिथल्या तिथे खिडकी समितीवर घेतलं.

टिटवीला हद्दपारीची शिक्षा झाली. खटला इतका लांबला की तोवर अंडी फुटली होती. टिटवीची पिल्लं जन्मल्याबरोबर पळतात, ते बरं. ती पुढे, पिल्लं मागे, अशी सगळी फाटकातून बाहेर पडली. जाताना साळिंदराने प्रत्येकाची नीट चौकशी केली.

साहेबांची फार गैरसोय झाली होती. म्हणून समितीच्या शिफारशीवरून खिडकी पुन्हा पाडली. या खेपेला जरा मोठी.

तात्पर्य: भोक दिसलं तर ओरडू नये, मुकाट्याने आत शिरावं. ओरडणारा हद्दपार होतो, शिरणारा समितीवर जातो.