चंद्रीला भूकंप कळतो

भूकंप येण्याआधी आपल्याला कळणार, याबद्दल निरंजनच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. शास्त्रज्ञांना कळणार नाही, सरकारला कळणार नाही, पण भुकूमच्या त्या सातमजली सोसायटीच्या अध्यक्षाला कळणार! त्याला यंत्रं लागत नव्हती, जनावरं पुरत होती. कुत्री केकाटतात, कोंबड्या उंच जागी चढतात, गुरं दावं तोडतात, हे सगळं त्याने मोबाइलवर वाचून काढलं होतं आणि ज्याला-त्याला लिफ्टमध्ये गाठून सांगितलं होतं. शेवटी शेवटी लोक जिन्याने जाऊ लागले.

"गॅसवरचं दूध उतू गेलेलं तुला कळत नाही, जमिनीखालचं काय कळणार?" त्याची बायको वृषाली म्हणाली.

"दूध हा भूगर्भाचा विषय नाही," निरंजन म्हणाला.

जनावरांच्या हालचाली टिपायच्या, तर पुरावा हवा. म्हणून त्याने एक भलंमोठं हेल्मेट आणलं. पुढे काळीकुट्ट काच, वर कॅमेरा आणि त्यावर लुकलुकणारा लाल दिवा! शुभारंभ रविवारी सकाळी. त्याच सकाळी खालच्या हॉलमध्ये तिसऱ्या मजल्यावरच्या अभयच्या मुलीचा, सायलीचा, साखरपुडा होता. "वेळेवर ये," वृषालीने बजावलं, "आणि माणसासारखा ये!"

सोसायटीच्या भिंतीला लागून गोजराबाईंचा गोठा. निरंजन हेल्मेट चढवून आत शिरला मात्र, कुत्रं शेपूट घालून केकाटत पळालं. कोंबड्या फडफडत थेट पत्र्यावर! आणि चंद्री म्हैस, जिच्या पाठीवर बगळा बसला तरी कान हलायचा नाही, ती डोळे फाडून दाव्याला हिसडे देऊ लागली. निरंजनच्या अंगावर काटा आला. एकाच वेळी तिन्ही लक्षणं! तो आणखी जवळ गेला. चंद्री आणखी जोरात रेकली.

आवाज ऐकून गोजराबाई धावत आल्या आणि दारातच थबकल्या.

"कोन हाय त्यो?"

"मी निरंजन, आजी. शेजारचा."

"आवं, काय जीव घेता का काय! म्हशीपाशी काळं धूड उभं, मला वाटलं यमच आला न्यायला!"

"आजी, ही रोज अशी करते?"

"न्हाई वो! लई गरीब म्हस हाय. आत्ता तर निवांत रवंथ करत व्हती."

"मग आज भूकंप येणार! नक्की येणार!"

गोजराबाई मटकन खाली बसल्या. "कोयनेच्या टायमाला मी एवढीशी व्हते. उतरंड सगळी खाली आली व्हती," असं म्हणत त्या तशाच उठल्या आणि त्यांनी दावं सोडलं. गोठा म्हशीवर पडायला नको! चंद्री सुटली ती शेजारच्या, गोजराबाईंच्याच हरभऱ्याच्या वावरात, आणि निरंजन सुटला तो सोसायटीकडे.

हॉलमध्ये अंगठी सायलीच्या बोटापर्यंत पोचली होती, एवढ्यात दारातून गर्जना झाली.

"भूकंप येतोय! सगळ्यांनी मोकळ्या जागेत चला!"

काळ्या काचेआड निरंजन आहे हे कोण ओळखणार? "सरकारी माणूस आलाय!" कुणीतरी ओरडलं आणि मग विचारूच नका. वऱ्हाड उधळलं. अभयने नारळ उचलला, गुरुजींनी ताम्हन, नवरदेवाने चक्क सायलीला! सगळी मंडळी कुंपण ओलांडून वावरात घुसली.

"माजा हरभरा!" गोजराबाई किंचाळल्या. भूकंपाचं भय एका क्षणात मागे पडलं.

पैठण्या सावरत, ढेकळांवर बसून सगळे जमिनीकडे टक लावून पाहू लागले. जमीन काही हलेना. नवरदेवाच्या आई हळूच म्हणाल्या, "अभयराव, याला काय समजायचं? अपशकुनच की नाही?" अभयचा चेहरा पडला. सायलीच्या डोळ्यांत पाणी तरळलं.

तेवढ्यात, सोसायटीत कुणी उरलं नाही ना हे पाहून निरंजन विजयी वीरासारखा वावरात आला. चंद्रीने हरभऱ्यातून मान वर केली, त्याला पाहिलं, आणि शेपटी ताठ करून ती सोसायटीच्या फाटकातून आत धावली. पुढच्याच क्षणी हॉलमधून आवाज आला. धडाड! खणखण! धाडधाड!

"झाला! भूकंप झाला!" लोक एकमेकांना बिलगले.

"पाहिलंत? पाहिलंत?" निरंजन दोन्ही हात उंचावून ओरडला.

"पण जमीन कुठे हलली?" नवरदेवाने विचारलं.

सगळे हॉलकडे धावले. खुर्च्या आडव्या, मखर जमीनदोस्त, आणि मधोमध चंद्री, श्रीखंडाच्या पातेल्यात तोंड खुपसून! निरंजन चित्रण करायला पुढे झाला. चंद्रीने वर पाहिलं, एक किंकाळी फोडली आणि उरलेलं व्यासपीठही पाडलं.

"काका!" सायली ओरडली, "आधी ते हेल्मेट काढा!"

त्याने काढलं. चंद्री थांबली. जवळ आली, हुंगली आणि श्रीखंडाच्या जिभेने त्याचा हात चाटू लागली. हॉलमध्ये इतकी शांतता पसरली की चाटण्याचा आवाज स्पष्ट ऐकू येत होता.

सगळ्यात आधी हसू फुटलं ते नवरदेवाच्या आईंना. त्यांनी पदर तोंडाला लावला, पण ते आवरेना. "चला, अंगठ्या उरकून घ्या! पोरानं भूकंपात हिला सोडली नाही, आणखी काय हवं?" गुरुजी म्हणाले, मुहूर्त अजून आहे. हॉलमध्ये उभं राहायला जागा नव्हती, म्हणून साखरपुडा वावरात झाला. श्रीखंडाशिवाय झाला, पण झाला! निरंजनने संध्याकाळपर्यंत खुर्च्या उचलल्या. त्याचं अध्यक्षपद एकमताने गेलं. सोसायटीत एकमत होण्याची ती पहिलीच वेळ.

त्यानंतर त्याने भूकंपाचं नाव टाकलं. आणि मग, एका दुपारी जेवणं आटोपल्यावर, खरोखरच भूकंप झाला. सौम्यच, पण पंखे झुलले, भांडी वाजली, सगळी सोसायटी आपसूक खाली धावली. वृषालीने निरंजनला गदागदा हलवलं, तर तो झोपेतच म्हणाला, "हलवू नकोस गं!"

दुसऱ्या दिवशी गोजराबाई दारात हजर.

"काय वो, काल खरा भूकंप झाला. तवा न्हाई आलात सांगाया?"

"झोप लागली होती, आजी," निरंजन पुटपुटला. मग त्याच्या डोळ्यांत शेवटची आशा चमकली. "पण चंद्रीला आधी कळलं असेल ना?"

"तिला?" गोजराबाई म्हणाल्या. "तीबी तुमच्यावानीच घोरत व्हती!"