पाइपलायनिंग येत नाही

परीक्षेच्या आदल्या दिवशी सकाळी सार्थकने 'कॉम्प्युटर ऑर्गनायझेशन अँड आर्किटेक्चर'चं पुस्तक उघडलं, तेव्हा त्याची पानं अजून एकमेकांना चिकटलेली होती. इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षातल्या या विषयाशी त्याचा हा दुसरा सामना. पहिल्या खेपेला नापास होऊन केटी लागली होती. पुन्हा लागली तर वडप्याच्या गोडाऊनच्या गेटवर बसायचं, आल्यागेल्या ट्रकांचे नंबर घ्यायचे, असं त्याच्या वडिलांनी, केसरीनाथांनी, शांतपणे सांगून टाकलं होतं. ते चिडून बोलले असते तर सार्थकने मनावर घेतलं नसतं.

दुपारपर्यंत रजिस्टर आणि कॅश मेमरी कशीबशी उरकली. उरला पाइपलायनिंगचा धडा. आणि नेमक्या त्याच धड्यासाठी जुबेरचे फोनवर फोन येत होते. जुबेर म्हणजे भिवंडीतल्या धामणकर नाक्यावरच्या लूमवाल्या मजीदशेठचा मुलगा, सार्थकच्याच वर्गातला. मनाने इतका साफ की, आपल्याला न समजलेली गोष्ट दुसऱ्यालाही समजलेली नाही याची खात्री झाल्याशिवाय त्याला घास गोड लागत नसे.

"भाई, पाइपलायनिंग समझा क्या?"

"नाय अजून."

"हॅझार्ड तरी?"

"नाय."

"मग सकाळपासून करतोयस काय तू?"

हे सार्थकच्या जिव्हारी लागलं. "अरे, पाइपलायनिंग येतच नाय यंदा," तो म्हणाला. "विद्यापीठाने काढून टाकलंय. ठेव आता फोन."

"किसने बोला?"

"आतून कळलंय."

'आतून' म्हणजे स्वयंपाकघराच्या शेजारच्या खोलीतून, हे जुबेरला कळण्याचं काही कारण नव्हतं. सार्थकने फोन बंद करून कपाटात टाकला. जुबेरने मात्र ही आनंदाची बातमी एकट्याने भोगणं हा स्वार्थ ठरेल असं समजून ती वर्गाच्या ग्रुपवर टाकली. वर 'कन्फर्म' असंही लिहिलं, कारण नुसती बातमी टाकली की लोक उगाच शंका घेतात.

शंका एकट्या हफसाने घेतली. "परिपत्रक कुठे आहे?" असं तिने विचारलं. परीक्षेच्या तोंडावर इतकं निगेटिव्ह राहू नये, असा तिला सल्ला मिळाला. तासाभरात नाक्यावरच्या कुमारच्या झेरॉक्सच्या दुकानात नोट्सचे नवे गठ्ठे आले. त्यांतून पाइपलायनिंगची पानं काढलेली होती, आणि वरच्या पानावर 'सुधारित अभ्यासक्रमानुसार' असं लिहिलं होतं. छापील अक्षर पाहिल्यावर तर उरलेसुरलेही निवांत झाले.

हफसाने शेवटी हा विषय शिकवणाऱ्या रामनाथ सरांनाच फोन लावला.

"सर, पाइपलायनिंग खरंच काढलंय का?"

"तुला कोणी सांगितलं?"

"सगळेच सांगतायत, सर."

रामनाथ सरांनी हा धडा सत्राच्या शेवटच्या तासाला, हजेरी आणि घंटा यांच्या मधल्या वेळात शिकवला होता. त्यामुळे बातमी खोटी असावी असं त्यांना मनापासून वाटेना. तरी जबाबदार माणूस म्हणून त्यांनी दुसऱ्या कॉलेजातल्या एका मित्राला विचारलं.

"हो, काढलंय म्हणे," मित्र म्हणाला. "आमच्या मुलांना भिवंडीकडून कन्फर्म कळलंय."

सरांनी 'कन्फर्म' तेवढं ऐकलं. 'भिवंडीकडून' हा शब्द रेंजच्या गडबडीत कुठे तरी पडला.

इकडे टेमघरच्या घरात सार्थकला वेगळीच बाधा झाली होती. खोटं बोलल्याची टोचणी लागून तो चक्क अभ्यास करत होता. पुस्तक घेऊन तो स्वयंपाकघरात येऊन बसला. आई, हौसा, तांदळाच्या भाकऱ्या करत होती. एक भाकर हातावर, एक तव्यावर, एक जाळावर फुगतेय. पहिली उतरायच्या आत दुसरी पडतेय, हात कुठे रिकामा म्हणून नाही. सार्थक पुस्तकाकडे बघे, तव्याकडे बघे.

"आई, हेच गं ते! पाइपलायनिंग!"

"भाकर हाय ती," हौसा म्हणाली. "खा, मंग बडबड."

ओसरीवरून केसरीनाथ म्हणाले, "पाइपलाइन तं आपले शेतातून गेली हाय. तिच्यात शिकाचा काय न्हाय. पाणी मुंबईला जातं, आपण बगत बसतो."

आयुष्यात प्रथमच सार्थकला या विषयातलं काही तरी समजलं होतं. आता हॅझार्ड. दोन भाकऱ्यांना एकाच वेळी तवा हवा असेल तर काय करायचं? हे जुबेरला समजावून सांगावं, आणि जमलं तर खरंही सांगून टाकावं, म्हणून त्याने कपाटातून फोन काढला.

ग्रुपवर मेसेजांचा पूर आला होता. सगळ्यांत वर रामनाथ सर होते: "विश्वसनीय सूत्रांकडून समजते की पाइपलायनिंग परीक्षेसाठी नाही. विद्यार्थ्यांनी निश्चिंत राहावे."

सार्थक आधी घाबरला. मग त्याने मेसेज पुन्हा वाचला. सर कशाला खोटं बोलतील? सरांना वरून कळलं असणार. म्हणजे आपण सहज बोललो आणि नेमकं तेच निघालं! आपल्या अंदाजाचं त्याला फार कौतुक वाटलं. त्याने पुस्तक मिटलं आणि भाकर खाल्ली.

दुसऱ्या दिवशी पेपरात पहिलाच, सक्तीचा प्रश्न होता: पाइपलायनिंग व त्यातील हॅझार्ड सविस्तर स्पष्ट करा.

वर्गात सर्वांत आधी उठला तो सार्थक. "मॅडम, हे सिलॅबसच्या बाहेरचं हाय!" रागाने त्याचा आवाज कापत होता. लिहिण्यासारखं थोडं त्याच्याकडे होतं, पण अन्यायापुढे झुकायचं नाही म्हणून त्याने ती जागा कोरी सोडली. हफसा मात्र खाली मान घालून लिहीत होती.

निकालात हफसा पास झाली आणि जवळजवळ सगळा वर्ग लटकला. सार्थकची कॉलेज सुटल्यावरची वडप्याची ड्युटी सुरू झाली. प्राचार्यांनी खुलासा मागितल्यावर रामनाथ सर तावातावाने वर्गात आले.

"ही अफवा उठवली कोणी? मला नाव पाहिजे!"

शोध उलटा चालत जुबेरपर्यंत आला. जुबेर उभा राहिला. "सर, मला सार्थकने सांगितलं."

सार्थक बाकावर खाली सरकला.

"पण सर, तो अफवा उठवणारा नाय," जुबेर कळवळून म्हणाला. "त्याने तो प्रश्न कोरा सोडला. मी मागेच होतो, पूर्ण वेळ त्याच्याच पेपरात बघत होतो. खोटं आहे हे माहीत असताना कोण सोडेल?"

सरांनी विचार केला. "बरोबर. इतका मूर्ख कोणी नसतो." मग त्यांचा आवाज मऊ झाला. "बाळा, घाबरू नकोस. तू कोणावर विश्वास ठेवलास?"

सार्थक उठला. खोटं बोलून झालं होतं. आता खरंच बोलायचं त्याने ठरवलं.

"सर, तुमच्यावर."

सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"चौकशी संपली," ते म्हणाले. "उद्यापासून पाइपलायनिंगचे जादा तास." आणि दाराकडे जाता जाता त्यांनी हळूच विचारलं, "हफसा, तू घेशील ना?"