लोंबकळतं टोक

वसतिगृहाच्या त्या खोलीत राहणारे तिघं, काका, गेमर आणि टापटीप, आणि इंटरनेटचं भोक मात्र एकच, तेही पलंगामागच्या भिंतीत. त्यावर तोडगा म्हणून तिघांनी एक छोटा डबा आणला होता. भिंतीतली वायर डब्यात, आणि डब्यातून प्रत्येकाला एकेक वायर. संसार बरा चालला होता.

काका हा कुणाचाच काका नव्हता. वसतिगृहात वर्षानुवर्षं तळ ठोकल्याबद्दल पोरांनी त्याला दिलेली ती पदवी, आणि आजवर मिळालेली तेवढीच. नेटवर्किंगच्या तोंडी परीक्षेत तो दोनदा आपटला होता. आज शेवटची संधी. परीक्षा ऑनलाइन. घेणाऱ्या मॅडम याच इमारतीत तळमजल्यावर राहत, पण नियम म्हणजे नियम.

"आज नेट फक्त माझं," काकाने बजावलं. "आपापल्या वायरी कॉम्प्युटरमधून काढा."

"परीक्षा तुझी आणि शिक्षा आम्हाला," असं कुरकुरत गेमर वायर काढून अंघोळीला गेला. टापटीपनेही निमूट काढली. हा गडी दुसऱ्याच्या चपलासुद्धा जोडीने लावून ठेवणारा.

काका केस विंचरून लॅपटॉपपुढे बसला आणि नेट गेलं.

त्याने लॅपटॉप बंद करून चालू केला, डब्याला दोन थपडा मारल्या. डब्यावरचे दिवे वेड्यासारखे लुकलुकत होते. शेजारच्या खोलीत धावला, तर तिथेही तीच बोंब. समोरही तेच.

"गेलं वर्ष," तो मटकन पलंगावर बसला. त्याला खरंच रडू येत होतं. "बाबांना काय तोंड दाखवू?"

तेवढ्यात दारात मॅडम उभ्या राहिल्या. "सगळ्या इमारतीचं नेट बसलंय, आणि जिन्यातल्या नेटच्या पेटीत याच खोलीचा दिवा थयथयाट करतोय. काय केलंत रे?"

"काहीच नाही, मॅडम! उलट वायरी काढल्या."

"मी तर आवरूनही ठेवलं," टापटीप अभिमानाने म्हणाला. "माझ्या वायरीचं सुटलेलं टोक लोंबकळत होतं. डब्यात एक भोक रिकामं दिसलं, दिलं खोचून."

काकाने डब्याकडे पाहिलं. एकाच वायरीची दोन्ही टोकं एकाच डब्यात!

"मॅडम, निरोप डब्यातून निघतो, वायरीतून फिरून डब्यातच येतो! फिरत राहतो, वाढत राहतो, आणि सगळ्यांची वाट अडवतो!" दोन परीक्षांत न सुचलेलं उत्तर त्याने एका दमात सांगितलं आणि टोक उपटलं. दिवे शांत झाले.

"शाब्बास," मॅडम म्हणाल्या.

"मग झाली ना माझी तोंडी?"

"ती ऑनलाइनच घ्यावी लागते," म्हणत त्या जिना उतरल्या.

थोड्याच वेळात त्या पडद्यावर आल्या. "आवाज येतोय? बरं. वायरीचं मोकळं टोक लोंबकळताना दिसलं, तर काय करायचं?"

काका तोंड उघडणार, इतक्यात पलीकडे टापटीप डब्यावर वाकलेला दिसला. हातात तेच टोक.

"हात लावू नकोस!" काका जिवाच्या आकांताने ओरडला.

पडद्यावर मॅडम दचकून मागे सरकल्या.

"उत्तर बरोबर आहे," मॅडम म्हणाल्या. "फक्त मला अहो-जाहो करत जा. पुढचा प्रश्न."