करवलीचं डोकं

लग्न अगदी तोंडावर आलं असताना समीक्षाच्या डोक्यात उवा निघाल्या. वैशाली लेकीला करवलीचं परकर-पोलकं घालून बघत होती, तेव्हा त्यातली एक नव्याकोऱ्या पोलक्याच्या खांद्यावरून निवांत फिरायला निघाली. वैशालीने पुढे होऊन केस फाकवले आणि मटकन खाली बसली. आत अख्खी वाडी वसली होती.

नवरदेव हृतिक म्हणजे वैशालीचा धाकटा दीर, मुंबईला नोकरीला. त्याला सख्खी बहीण नव्हती, म्हणून करवलीचा मान पुतणीला. त्या मानासाठी समीक्षाने वर्षभर केसांना कात्री लागू दिली नव्हती. कमरेपर्यंत वेणी आणि तिच्यावर गजरा, हे तिने सगळ्या वर्गाला सांगून ठेवलं होतं.

"कापून टाक बारीक, काय एवढं," तिचा बाप सुशांत मोबाइलमधून मान वर न करता म्हणाला. त्यावर समीक्षाने असा सूर लावला की अंगणात मांडव घालणारी माणसं खाली उतरून बघायला आली. वैशालीने त्यांना पोरगी पडली म्हणून सांगितलं आणि लेकीला बजावलं, हे कुणाला म्हणजे कुणाला कळता कामा नये. नवरीकडची माणसं महाडची, शिकलेली. करवलीच्या डोक्यात उवा म्हटल्यावर ती काय म्हणतील, या विचारानेच तिला घाम फुटला.

औषध आणायचं तर पोलादपुरात सोय नव्हती. तिथे सकाळी घेतलेल्या गोळीची संध्याकाळी वाडीत चौकशी होते. म्हणून साड्यांना फॉल लावायचं निमित्त काढून ती महाडला गेली आणि आडगल्लीतलं, कधी न पाहिलेलं मेडिकल शोधून काढलं. दुकानात एकही गिऱ्हाईक नव्हतं. ती धीर करून तोंड उघडणार, तोच दुकानदाराने मान वर केली. तिला बघून तो गडबडला, पुढ्यातलं काहीतरी घाईघाईने वर्तमानपत्राखाली सरकवलं आणि हात जोडले.

"वैशालीताई ना? हृतिकरावांच्या वहिनी. मी साक्षीचा मामा, श्रीपत. साखरपुड्याला भेटलो होतो की आपण. बोला, काय देऊ?"

साक्षी म्हणजे साक्षात नवरी. वैशालीची नजर त्याच्यामागच्या फळीवरल्या पहिल्या बाटलीवर गेली.

"खोकल्याचं औषध," ती म्हणाली.

"कोरडा की कफाचा?"

"दोन्ही द्या."

घरी येऊन तिने एवढंच सांगितलं की उवांचं औषध संपलं होतं. सुशांत मनसोक्त हसला. बायकांना साधं औषध आणता येत नाही, असं म्हणत दुसऱ्या दिवशी त्याने मोटरसायकल काढली. पण महाडात शिरल्यावर त्यालाही ओळखीचा माणूस नको झाला, आणि लपूनछपून औषध घ्यायला त्यालाही तीच आडगल्ली सुचली. संध्याकाळी तो खोकल्याची आणखी एक बाटली आणि वाफारा घ्यायचं यंत्र घेऊन परतला.

"त्या मामानं विचारलं, घरात कुणाला बरं नाय का," तो चपला काढत म्हणाला. "मी म्हटलं, हाय जरा खोकला. यंत्र त्यांनीच गळ्यात मारलं."

मग सूत्रं सासूने हाती घेतली. सुंदराबाईंनी खोबरेल तेल कोमट करून त्यात कापूर विरघळवला, ते नातीच्या डोक्याला चोपडलं आणि वर जुन्या लुगड्याचं फडकं गच्च बांधलं. "ऱ्हाव दे आता तसंच, हात लावू नको गो," असं सांगून त्यांनी तिला ओटीवर बसवलं. देवळात आरती चालू असल्यासारखा वास सगळ्या घरात भरला.

नेमके तेव्हाच श्रीपतमामा आणि साक्षीची आई न सांगता आले. हळदीला किती माणसं, हे विचारायला आलो म्हणाले. पण दोघांची नजर आधी डोक्याला फडकं बांधलेल्या पोरीवर गेली, मग खिडकीतल्या औषधाच्या बाटल्यांवर आणि शेवटी वाफाऱ्याच्या यंत्रावर. चहा आला तरी कप कुणी उचलेना. आणि त्याच घडीला, वीर स्टेशनवरून रिक्षात धूळ खात आलेला हृतिक दारात उभा राहिला. साक्षी आठवडाभर व्हिडिओ कॉल घेत नव्हती, म्हणून बिचारा आधीच हिरमुसलेला. होणाऱ्या सासूबाईंना बघून तो नमस्काराला वाकला आणि जो खोकत सुटला तो थांबेचना.

साक्षीच्या आईने पदर डोळ्यांना लावला.

"राग मानू नका, पण स्पष्ट विचारतो," श्रीपतमामा म्हणाले. "मुलाला छातीचं काही आहे का? आधी ताई आल्या, मग दादा आले. दोघांचंही एकच, खोकला. कुणाला आहे ते मात्र कुणी सांगत नाही. आमची एकुलती एक पोर आहे. आधी छातीचा फोटो काढू, तारखेचं मग बघू."

हृतिकचा चेहरा पांढराफटक पडला. सुशांत छताकडे बघू लागला. वैशालीने एकदा दिराकडे पाहिलं, एकदा लेकीकडे, आणि इज्जत गेली तर गेली म्हणून उठली. तिने समीक्षाच्या डोक्यावरचं फडकं सोडलं.

"खोकला कुणालाच नाही, मामा. हिच्या डोक्यात उवा झाल्यात. तुमच्यासमोर सांगायची लाज वाटली."

"आई, तूच म्हणालीस ना कुणाला सांगायचं नाय," समीक्षा रडवेली होऊन म्हणाली.

मग साक्षीच्या आईने भावाकडे पाहिलं. भावाने चष्मा काढून पुसायला घेतला.

"दादा, आता तूही सांगून टाक."

मामांनी घसा साफ केला. साक्षी बालवाडीत शिकवते. तिथल्या पोरांकडून तिच्याही डोक्यात उवा आल्या होत्या, आणि आठवडाभर नवरीबाई फडकं बांधून घरात बसल्या होत्या. व्हिडिओ कॉल घेणार कसा? वैशाली दुकानात आली तेव्हा साक्षीसाठीच काढलेली औषधाची बाटली मामांनी वर्तमानपत्राखाली लपवली होती. साखरपुड्याला समीक्षा दिवसभर नव्या काकूच्या गळ्यात पडून होती, हेही मग सगळ्यांना आठवलं.

"म्हणजे आमच्याकडूनच आल्या," साक्षीची आई हात जोडून म्हणाली.

"छ्या, आमच्याच पोरीच्या गेल्या असतील तिकडं," सुंदराबाई म्हणाल्या. "तुमी कशाला कमीपणा घेताय?"

मानपानावरून तोवर दोन्ही घरांत बरीच कुरबूर झाली होती. पण उवांचा दोष आपल्याच पदरात घ्यायला दोन्ही विहिणी हटून बसल्या. सुंदराबाईंनी फणी आणली, विहीणबाईंनी समीक्षाला पुढ्यात ओढलं, आणि गार झालेला चहा पुन्हा गरम झाला. मामांनी त्याच संध्याकाळी औषध पाठवलं.

लग्नात समीक्षा कमरेपर्यंतच्या वेणीवर घसघशीत गजरा माळून हृतिककाकाच्या मागे उभी राहिली. डोकं लखलखीत साफ होतं. साक्षीच्या मागे रिवाजाप्रमाणे श्रीपतमामा उभे होते. शेवटचं मंगलाष्टक संपलं, अंतरपाट दूर झाला, नवरीने हार उचलला, आणि नवरदेवाने मुंडावळ्या बाजूला सारून कराकरा डोकं खाजवलं.

साखरपुड्यानंतर दोघं शिवथरला फोटो काढायला गेली होती. डोक्याला डोकं टेकवलेले ते फोटो मांडवाच्या दारात लावलेलेच होते.

मामांनी गोंधळून वैशालीकडे पाहिलं. तिने तोंडाला पदर लावला आणि हळूच खोकून दाखवलं. मामांनी मान डोलावली आणि कोटाच्या खिशातल्या बाटलीवर हात ठेवला.