भोंडलाभवनीचा हत्ती काढिला, त्याची हकीकत

श्री. प्रथम नमन पेन्सिलीस, जी लिहिते. मग नमन रबरास, जे लिहिले ते पुसते. आणि त्याउपर नमन श्रोतेजनांस, जे हे सर्व सोसतात. स्वस्ति श्री शालिवाहन शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सर, वैशाख वद्य पक्ष, ते समयी वास्तुविद्येचे राज्यात जे वर्तमान जाले ते यथामति लिहितो. आम्ही कोण, हे पुसू नये. मागील बाकावर बंद पंख्याखाली बसोन सर्व पाहिले, इतके पुरे.

त्या राज्याची रीत ऐसी की, कोणाही विद्यार्थियाने भिंत उभी करावयाची तर अगोदर कन्सेप्ट दाखवावा, आणि कन्सेप्टाविना विटेवर वीट ठेवणे म्हणजे राजद्रोह. आणि त्या वर्षी राज्यात संस्कृतीची मोठी लाट आली होती, म्हणोन एकाने पैठणीच्या मोराचे बसस्थानक केले, आणि एकाने लगोरीचे रुग्णालय केले, मजल्यावर मजला रचिला आणि वरचा मुद्दाम डळमळता ठेविला, आणि रुग्णांची वाट काय, हे कोणी पुसिले नाही, कारण कन्सेप्ट उत्तम होता. ऐशा राज्यात शाल्मली खोत म्हणोन शेवटले वर्षाची विद्यार्थिनी होती. ती गतवर्षी याच परीक्षेत नापास जाली होती. बरोबरीचे सारे नोकरीस लागले आणि ही एकटी मागे राहिली, आणि घरी काकांनी सांगोन ठेविले होते की, यंदा जमले तर ठीक, नाही तर पुरे ती विद्या, आमचे फरशीचे दुकानी येऊन बैस. फरशीचे दुकान काही वाईट नव्हे. परंतु तिला फरशी विकावयाची नव्हती, कोठे बसवावी हे ठरवावयाचे होते, आणि त्या एका गोष्टीपायी तिचा जीव टांगणीस लागला होता.

मग तिने विचार करोन भोंडला घेतला. भोंडला म्हणजे आश्विनात मुलीबाळींचा खेळ. पाटावर हत्ती काढावा, पाट मध्ये मांडावा, भोवती फेर धरोन गाणी म्हणावी, आणि शेवटी ज्या घरचा भोंडला त्या घरचा खाऊ, ज्यास खिरापत म्हणतात, तो झाकल्या डब्यात हलवोन ओळखावयास द्यावा. न ओळखला तर त्या घराची फत्ते. तर या खेळावरोन शाल्मलीने बायकांसाठी गोल भवन योजिले, चहूकडून फिरती ओसरी, मध्ये चौक आणि चौकात लहानसा हत्ती, आणि कागद घेऊन गुरूंकडे गेली. गुरू म्हणजे टिल्लूसर. मोठे प्रेमळ गृहस्थ, शिष्यांस कधी उणा शब्द बोलले नाहीत, फक्त प्रत्येक गोष्ट थोडी मोठी करावयास सांगत. त्यांणी कागद पाहिला आणि डोळे मिटोन म्हणाले, "छान आहे गं. पण हत्ती बोलत नाहीये. जरा मोठा कर."

तिने हत्ती मोठा केला. पुढले आठवड्यात सर म्हणाले, "आता पुटपुटतोय. अजून मोठा." मग तिने अजून मोठा केला. आणि मग हत्तीचे कानांची दोन छपरे जाली, आणि सोंडेतून पावसाचे पाणी टाकीत आणिले, आणि पुढील पायात लिफ्ट बसविली, आणि पोटात वाचनालय केले, आणि हत्ती वाढता वाढता तीन मजली जाला आणि ओसरी बिचारी त्याचे भोवती अंग चोरोन उभी राहिली. शाल्मलीचे मनात दोन वेळा आले की हे जरा जास्तच होते आहे. परंतु गतवर्षी तिने गुरूंचे ऐकिले नव्हते आणि नापास जाली होती, म्हणोन यंदा तोंड मिटोन प्लॅस्टर कालविले. अर्धे गुण टिल्लूसरांचे हाती होते, हेही ती जाणोन होती.

मग परीक्षेचा दिवस उगवला, आणि ज्यूरी नामे परचक्र राज्यावर आले. त्यात दोन परीक्षक सामान्य होते, ज्यांचे लक्ष चहाकडे होते. परंतु मुख्य होत्या पोतनीसबाई, मोठ्या नामांकित वास्तुविशारद, आणि त्यांची ख्याती ऐसी की मॉडेलचा खांब आवडला नाही तर दोन बोटांनी मोडोन विद्यार्थियाचे हाती देत आणि म्हणत, "हा घरी ने." बाई आणि टिल्लूसर एके काळी एकाच वर्गात शिकले होते, परंतु एकमेकांशी कामापुरतेच बोलत. कारण आम्हांस ठाऊक नाही, आणि ठाऊक असते तरी लिहिले नसते. बाईंनी सकाळपासोन मोराचे बसस्थानक पाडिले, लगोरीचे रुग्णालय जमीनदोस्त केले, आणि जेवणाची वेळ टळून गेली तरी उठल्या नाहीत. तितक्यात शाल्मलीची पाळी आली, आणि चार जणांनी धरोन तिचे मॉडेल आणिले, आणि मेजावर ठेविले, आणि हत्ती उभ्या माणसाचे डोक्याइतका उंच जाला.

शाल्मली आपला कन्सेप्ट सांगू लागली. बाईंनी चष्मा काढिला, पुन्हा घातला, हत्तीचे पोटात डोकावोन पाहिले, आणि म्हणाल्या, "हे सगळं ठीक. पण मघापासून कसला वास येतोय?" तेव्हा शाल्मली ओशाळली आणि म्हणाली की, आईने परीक्षकांसाठी खिरापत दिली आहे, डबा नकाशांचे बोर्डामागे ठेविला आहे, सर्व आटोपल्यावर द्यावयाचा होता. बाई म्हणाल्या, "आण इकडे. भुकेनं डोकं दुखतंय माझं." आणि येथे शाल्मलीचे तोंडून ते निघाले जे लहानपणापासोन शंभरदा ऐकिले होते, आणि थांबवू म्हटले तरी थांबले नाही. ती म्हणाली, "बाई, फेर धरल्याशिवाय खिरापत देत नाहीत."

आम्ही मनात म्हटले, गेली पोरगी फरशीचे दुकानी. परंतु बाईंनी क्षणभर तिजकडे पाहिले, मग पदर खोचिला, चपला बाजूस सारिल्या आणि म्हणाल्या, "बरोबर आहे तिचं. उठा सगळे." आता बाई उठल्यावर बसोन राहण्याची कोणाची छाती. मग दोन सामान्य परीक्षक उठले, आणि टिल्लूसर उठले, आणि शाल्मलीस आपल्यात घेतले, आणि मेजाभोवती हातात हात धरोन राज्यातील थोर मंडळी फेर धरू लागली. परंतु गाणे कोणास येईना. बाई दोन ओळी म्हणोन अडकल्या, परीक्षक नुसते ओठ हलवू लागले, आणि फेर रखडू लागला. तेव्हा हत्तीपलीकडून कोणीसे गाऊ लागले, आवाज गोड आणि ठाय, आणि एकही ओळ चुकेना. बाई चालता चालता मान उंचावोन पाहू लागल्या. मग म्हणाल्या, "कोण गातंय? टिल्लू, तू आहेस का? मला दिसतच नाहीयेस."

पलीकडून उत्तर आले, "मीच. चार बहिणींत वाढलोय, न येऊन सांगतो कुणाला." आणि बाई इकडून वाकल्या तर मध्ये सोंड, आणि तिकडून वाकल्या तर मध्ये कान, आणि सरही तिकडे वाकू लागले आणि दोघांची काही गाठ पडेना. शाल्मली हे पाहात होती. तिचे पाऊल थांबले आणि तिचेबरोबर सर्व फेर थांबला. तिचे ध्यानात आले की फेरात समोरच्याचे तोंड दिसते म्हणोनच गाणे लागते, आणि पाटावरचा हत्ती जमिनीसरसा असतो तो याचसाठी, आणि आपण एवढा खटाटोप करोन बायकांसाठी ऐसे घर बांधिले की ज्यात बायका एकमेकींस दिसणार नाहीत. तिचे डोळ्यांत पाणी आले. हत्ती सरांचा, अर्धे गुण सरांचे, आणि हत्ती राहिला तर कदाचित पासही होईल. परंतु चूक उमगल्यावर गप्प बसणे तिला जमेना. ती म्हणाली, "सर, हत्ती काढू का?"

टिल्लूसर पलीकडे होते, त्यांचा चेहरा दिसत नव्हता. आम्हांस वाटले, रागावले. मग म्हणाले, "काढ. पण सोंडेला धरू नकोस, तुटेल. खालून हात घाल." मग शाल्मलीने खालोन हात घातला, आणि एका परीक्षकाने मेज धरिले, आणि हत्ती उपटला, आणि त्याचेबरोबर निम्मी फरशी उखडोन आली, आणि चौकात मोठे भगदाड पडले. आणि भगदाडापलीकडे टिल्लूसर उभे होते, कपाळास प्लॅस्टरची भुकटी लागलेली. बाई त्यांजकडे पाहोन हसल्या आणि म्हणाल्या, "हां. आता दिसलास." सरही हसले. आणि मग कोणी न सांगता फेर पुन्हा सुरू जाला, आणि या खेपेस परीक्षकांसही गाणे येऊ लागले, निदान शेवटचा शब्द तरी.

मग डबा आणिला आणि शाल्मलीने हलविला. आत काही वडीसारखे धपधप वाजले. एक परीक्षक म्हणाले, "आळूवडी." दुसरे म्हणाले, "कोथिंबीरवडी." सर म्हणाले, "गूळपापडी, नक्की." बाईंनी डबा स्वतः हाती घेऊन कानाशी नेला, पुन्हा पुन्हा हलविला, बर्फीपासोन ढोकळ्यापर्यंत सर्व नावे घेतली आणि शेवटी डबा खाली ठेवोन म्हणाल्या, "हरले." तेव्हा झाकण उघडिले तर आत खांतोळ्या, तांदळाचे रव्याच्या, गूळ आणि नारळ घातलेल्या. बाईंनी उभ्याउभ्याच दोन खाल्ल्या, आणि तिसरी खाता खाता गुणपत्रकावर सही केली, आणि शाल्मलीस म्हणाल्या, "मधलं असंच मोकळं ठेव. हात नको लावूस." सरांनीही आपले गुण लिहिले, आणि कमी केले नाहीत, उलट अपेक्षेहून जास्त दिले, आणि मग हळूच तिजपाशी येऊन म्हणाले, "हत्ती टाकू नकोस. मला दे."

मग शाल्मली बाहेर जिन्यात आली आणि आईस फोन लाविला आणि म्हणाली, "आई, मी पास झाले." इतके बोलोन तिला रडू कोसळले. पलीकडोन आईने ते ऐकोन घेतले आणि विचारिले, "पास होशील हे मला माहीतच होतं. आधी हे सांग, खिरापत कुणी ओळखली का?" शाल्मली म्हणाली, "नाही. एकालाही ओळखता नाही आली." आई म्हणाली, "मग जिंकलो."

येणेप्रमाणे वर्तमान. भवन अद्याप कोणी बांधिले नाही, बांधील ऐसी खूणही नाही. टिल्लूसर हल्ली विद्यार्थियांस मध्ये काही ठेवू देत नाहीत, आणि यंदा एकाने मधोमध मोकळे ऐसे बसस्थानक केले, त्यात बस शिरत नाही. आम्हांस खांतोळी मिळाली नाही. परंतु पोरगी पास जाली, हे डोळ्यांनी पाहिले, आणि सांगावयाचे ते इतकेच होते.